कुंपणांच्या मुलखात ट्रकने

धुतलेलं ताट फडक्यानं पुसायचं नाही, हा ट्रकवरचा पहिला कायदा. दोन हातांत दोन ताटं घ्यायची आणि पाणी झडून ती कोरडी होईपर्यंत हवेत हलवत राहायचं. एका ओलसर फडक्यामुळे अख्ख्या ट्रकचं पोट एका रात्रीत बिघडू शकतं आणि पुढचा दवाखाना दोनशे किलोमीटरवर असतो, हे गाइडनं पहिल्याच संध्याकाळी निक्षून सांगितलं होतं. त्यामुळे ऑरेंज नदीच्या काठी एक जर्मन इंजिनिअर, दोन ऑस्ट्रेलियन नर्स, एक कोरियन विद्यार्थी आणि सांगलीचे एक निवृत्त बँक मॅनेजर ओळीत उभे राहून गंभीर चेहऱ्यानं ताटं हलवत होते. मॅनेजरसाहेबांच्या सौभाग्यवती घडीच्या खुर्चीत बसून हे बघत होत्या. "घरी स्वतःचा चहाचा कप उचलत नाहीत," काकू मला म्हणाल्या, "आणि इथं बघा."

केपटाऊनहून निघायचं, नामिबिया पायथ्यापासून वर चढत जायचं, विंडहुकहून उजवीकडे वळून बोत्स्वाना ओलांडायचा आणि झिम्बाब्वेतल्या व्हिक्टोरिया फॉल्सला संपवायचं, असा हा ठरलेला मार्ग. साधारण तीन आठवडे आणि पाच-साडेपाच हजार किलोमीटर. वाहन म्हणजे मालवाहू ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली उंच केबिन. दोन्ही बाजूंना मोठ्या खिडक्या, मागे प्रत्येकाच्या बॅगेपुरते लॉकर, पोटात पाण्याची टाकी आणि फ्रीजर. एका कुशीचं झाकण उघडलं की आत गॅसच्या शेगड्या, पातेली आणि मसाल्यांच्या बाटल्या. याला चुकून 'बस' म्हटलं तर गाइड दुखावतो. काकांनी पहिल्या दिवशी म्हटलं आणि त्यांना शिक्षा म्हणून सगळ्यांचा चहा करावा लागला.

या धंद्याचा उगम आशियातला आहे. १९६० आणि ७० च्या दशकांत लंडनहून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान करत जुन्या बस आणि लष्करातून निघालेले बेडफर्ड ट्रक दिल्ली-काठमांडूपर्यंत यायचे. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षाअखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि तो रस्ता बंद पडला. आफ्रिकेतले लांब पल्ले तेव्हा आधीपासून चालू होतेच, आता तिकडचा ओघ वाढला. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवट संपली आणि केपटाऊनला सुरुवातीचं ठिकाण म्हणून महत्त्व आलं. पूर्वी सहारा ओलांडायला महिनोन् महिने वाळूत फळ्या टाकणारी ही जमात आता तीन आठवड्यांच्या रजेत बसेल इतकी माणसाळली आहे. तरी तंबू आपला आपणच ठोकायचा, कांदा आपणच चिरायचा आणि ट्रक आपणच झाडायचा, हे शिल्लक आहे.

मराठी माणसाला ग्रुप टूरची सवय आहे. सहाला उठणं, सातला नाश्ता, आठला बस, आणि संध्याकाळी हॉटेलात महाराजांच्या हातची आमटी. त्या व्यवस्थेची टिंगल मला करायची नाही. तिच्यामुळे आपल्याकडच्या हजारो आज्यांनी युरोप पाहिला. इथं मात्र घड्याळ साडेचारला वाजतं, आमटीचा महाराज तुम्हीच असता, आणि पाळीचा तक्ता ट्रकच्या दारावर चिकटवलेला असतो: आज स्वयंपाकाला मदत, उद्या भांडी, परवा सामान चढवणं. काकूंची पाळी आली तेव्हा त्यांनी बटरनट नावाच्या भोपळ्याची भाजी हिंग-मोहरीच्या फोडणीवर टाकली. मक्याच्या पिठाच्या 'पाप'वर ती घालून कोरियन मुलानं तीनदा घेतली. पाप म्हणजे आपल्या मक्याच्या कण्याच, फक्त जास्त घट्ट. झिम्बाब्वेचा आमचा गाइड त्यालाच 'साद्झा' म्हणे आणि हातानं खाई. त्या रात्रीनंतर काकूंचा मसाल्याचा डबा ट्रकच्या मालकीचा झाला.

प्राणी बघायला म्हणून लोक या ट्रकमध्ये चढतात. खरं सांगायचं तर छोट्या विमानानं थेट लॉजवर उतरणाऱ्यालाही प्राणी दिसतात, बहुधा जास्त आणि आरामात. ट्रकवाल्याच्या वाट्याला येतो तो दोन अभयारण्यांच्या मधला मुलूख. आणि त्या मधल्या मुलखात जे सतत, तासन् तास, खिडकीच्या दोन्ही अंगांना दिसत राहतं ते कुंपण.

पहिली रेघ ऑरेंज नदीवरच होती. नदीच्या दक्षिणेला दक्षिण आफ्रिका, उत्तरेला नामिबिया, इतपत नकाशात कळतं. पण नदी नेमकी कोणाची? १८९० मध्ये इंग्लंड आणि जर्मनीनं करार केला त्यात सीमा उत्तरेच्या काठावर धरली, म्हणजे सगळं पाणी इंग्रजांच्या बाजूला. १९९० मध्ये नामिबिया स्वतंत्र झाला आणि त्याच्या राज्यघटनेनं सीमा नदीच्या मध्यावर असल्याचं पहिल्याच कलमात लिहिलं. उत्तरेच्या काठावर बसून पाय पाण्यात सोडले तर एका कागदाप्रमाणे आपण परदेशात असतो आणि दुसऱ्याप्रमाणे नसतो. खाली नामिबियाच्या काठावर द्राक्षांचे मळे दिसतात, सगळे या नदीच्या पाण्यावर. वाळवंटाच्या मधोमध ती हिरवी पट्टी पाहून काका एकदम तासगावच्या द्राक्षांच्या भावावर घसरले.

नामिबियाचं क्षेत्रफळ सव्वाआठ लाख चौरस किलोमीटर आणि २०२३ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ३० लाख. महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा देश आणि माणसं पुणे शहरापेक्षा कमी. खडीच्या रस्त्यावर तास-तास समोरून गाडी येत नाही. आली तर आधी दहा मिनिटं तिची धूळ दिसते. अशा ओसाडीत कुंपण कशाला, असं वाटतं. पण आहे, शेकडो किलोमीटर, तारा ताणलेल्या आणि लाकडी खांब सरळ. आत म्हणायला शेतं, खरं म्हणजे गुरांची राखणं, एकेकाचं पाच-दहा हजार हेक्टर. २०१८ च्या सरकारी आकडेवारीनुसार खासगी मालकीच्या शेतजमिनीपैकी सुमारे ७० टक्के अजूनही गोऱ्यांच्या हाती आहे. तारेपलीकडे गेम्सबॉक उभे असतात, काळ्या-पांढऱ्या तोंडाचे आणि तलवारीसारख्या सरळ शिंगांचे. कुडू मात्र ही कुंपणं उभ्याउभ्या उडी मारून पार करतो आणि अंधारात थेट गाडीच्या काचेवर येतो. म्हणून सूर्य मावळायच्या आत कॅम्प गाठायचा, हा ट्रकवरचा दुसरा कायदा.

वाळूच्या टेकड्यांच्या सोसुसव्लेईबद्दल थोडक्यात. तिचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले आहेत आणि ती फोटोंइतकीच सुंदर आहे. सेसरीमच्या फाटकाच्या आतल्या कॅम्पमध्ये उतरलेल्यांना सूर्योदयाच्या तासभर आधी आत सोडतात, बाहेरच्यांना उजाडल्यावर. त्या एका तासासाठी आतली जागा मिळवणारी कंपनी निवडावी. पंचेचाळिसाव्या किलोमीटरवरची 'ड्यून ४५' चढताना दोन पावलं पुढे आणि एक मागे असा हिशोब चालतो. डेडव्लेईतली बाभळीच्या जातीची झाडं मरून सहा-सातशे वर्षं झाली असावीत. हवा इतकी कोरडी की ती कुजलीही नाहीत, उभ्याउभ्या काळी पडली. जुलैत पहाटे तंबूवर दव गोठलेलं असतं. आफ्रिका म्हणजे उकाडा असं समजून आलेल्या नर्सनी दोन रात्री सगळे कपडे अंगावर चढवून काढल्या.

तिथून समुद्र. बेंग्वेला नावाचा थंड प्रवाह किनाऱ्याला घासून वाहतो, म्हणून ढग पाऊस देत नाहीत, फक्त धुकं आत पाठवतात. स्वाकोपमुंड हे १८९२ मध्ये जर्मनांनी वसवलेलं गाव त्या धुक्यात उभं आहे. बेकरीत सफरचंदाचा केक, रस्त्यांवर जर्मन पाट्या. ट्रकवाले इथं दोन रात्री पक्क्या छपराखाली काढतात. लोक वाळूवरून घसरतात, विमानातून उड्या मारतात, कपडे धुवायला टाकतात.

आम्ही चौघं गावाबाहेरच्या दफनभूमीत गेलो. जर्मन भाग नीट आखलेला, संगमरवराचे क्रॉस, ताजी फुलं. त्याच्या शेजारी उघड्या वाळवंटात ओळी दिसतात, आणि पहिल्यांदा त्या ओळी आहेत हेही लक्षात येत नाही. गुडघ्याइतके उंच वाळूचे ढीग, बाजूनं दगड लावलेले, काही नुसतेच. पुढे बघावं तर आणखी. नावं नाहीत. १९०४ मध्ये हेरेरो लोकांनी जर्मन राजवटीविरुद्ध उठाव केला. जनरल लोथार फॉन ट्रोथानं त्यांना वॉटरबर्गच्या लढाईनंतर ओमाहेके वाळवंटात रेटलं, पाणवठ्यांवर पहारे बसवले आणि ऑक्टोबरात लेखी हुकूम काढला की जर्मन हद्दीत दिसणारा प्रत्येक हेरेरो गोळी घालून मारला जाईल. उरलेल्यांना छावण्यांत डांबून रेल्वे आणि बंदराच्या कामाला जुंपलं. स्वाकोपमुंडला अशीच एक छावणी होती. नामा लोकांचंही तेच झालं. १९०८ पर्यंत हेरेरोंपैकी बहुतेक आणि नामांपैकी जवळपास निम्मे संपले होते. गावाच्या मध्यभागी जर्मन मरीन सैनिकांचं १९०८ चं स्मारक अजून उभं आहे.

२०२१ मध्ये जर्मनीनं आजच्या दृष्टीनं तो वंशसंहार होता हे मान्य केलं आणि ३० वर्षांत १ अब्ज १० कोटी युरो विकासकामांना द्यायची तयारी दाखवली. हेरेरो आणि नामांच्या अनेक पुढाऱ्यांनी तो मसुदा झिडकारला: बोलणी सरकारांनी केली, आम्हाला कोणी विचारलं? २०२५ पासून २८ मे हा नामिबियाचा अधिकृत स्मृतिदिन झाला. आमच्यातला जर्मन इंजिनिअर त्या ढिगांमधून बराच वेळ एकटाच फिरत राहिला. परतताना म्हणाला की शाळेत हिटलरवर दोन वर्षं शिकवलं, यावर एक परिच्छेद. त्याला काय म्हणणार? आपल्या पाठ्यपुस्तकांतले परिच्छेद कोणी मोजायला बसलं तर आपलीही पंचाईत होईल.

एटोशाला पोचेपर्यंत कुंपण हा ट्रकमधला चर्चेचा विषय झाला होता. एटोशाचं अभयारण्य १९०७ मध्ये जर्मनांनी जाहीर केलं, तेव्हा ते आजच्या कितीतरी पट मोठं होतं. कापत कापत १९७० पर्यंत ते सुमारे २२ हजार चौरस किलोमीटरवर आलं. त्याआधी १९५४ मध्ये तिथं पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या हाइओम लोकांना हुसकावून लावलं. त्यातल्या काहींना नंतर उद्यानातच मजुरीवर घेतलं. मग सभोवार पक्कं कुंपण आलं. जवळूनच नामिबियाची ती प्रसिद्ध 'तांबडी रेघ' जाते. १८९६-९७ मध्ये गुरांच्या बुळकांडी रोगाची साथ उत्तरेकडून येऊ लागली म्हणून जर्मनांनी आखलेली ती पहारेचौक्यांची रांग, आज गुरांच्या रोगांसाठीचं तारेचं कुंपण आहे. उत्तरेच्या गुरांना दक्षिणेच्या बाजारात यायला ती आडवी येते. उत्तरेत काळ्या शेतकऱ्यांची सामाईक कुरणं, दक्षिणेत ती खासगी राखणं. रोगाची रेघ आणि माणसांची रेघ एकावर एक किती नेमकी बसली आहे!

ओकाउकुएयोच्या कॅम्पला लागून एक पाणवठा आहे. अलीकडे कमरेएवढी दगडी भिंत आणि बाकं, पलीकडे पिवळसर दिव्याचा झोत. जेवण झालं, ताटं हलवून झाली, की जाड स्वेटर घालून सगळे तिथं जाऊन बसतात. बोलायचं नाही. आधी जिराफ आले. पाणी प्यायला पुढचे पाय फाकवण्याआधी एक जिराफ निदान दहा मिनिटं नुसताच अंधाराकडे बघत होता. एकदा वाकला, काहीतरी खुट्ट झालं, पुन्हा ताठ. मग काळे गेंडे, एक आई आणि तिचं अर्धवट वाढलेलं पोर. पाण्याच्या काठी आल्यावर आईनं नाकातून असा काही फुत्कार टाकला की समोरचा हत्ती दोन पावलं मागे सरला.

तिथून परतताना काकांनी गाइडला विचारलं, हे जनावर भिंत ओलांडून कॅम्पात येत नाही का? गाइडनं कुंपणाची यंत्रणा समजावली आणि मग त्यानं विचारलं, तुमच्या वाघांच्या जंगलाला कसलं कुंपण असतं? काका चिमूरला ब्रँच मॅनेजर होते. "कसलंच नाही," ते म्हणाले. "ताडोबातला वाघ संध्याकाळी निघतो आणि सकाळी धानाच्या बांधावर असतो. आमचा एक कर्जदार तसाच गेला." गाइडला वाटलं, काका थट्टा करतायत. दक्षिण आफ्रिकेत तर १९९१ च्या कायद्यानं पुरेसं कुंपण घातलेल्या जमिनीवरचं रानटी जनावर त्या मालकाचंच धरलं जातं, ते बाहेर निसटलं तरी. जंगल म्हणजे कुंपणाच्या आतलं, हे तिथलं गृहीतक. आपल्याकडचं गृहीतक असं की वाघानं आणि माणसानं आपापसात भागवावं. कोणतं बरं, हे मी ठरवू शकत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एखाद्या विधवेला विचारलं तर ती झटकन ठरवेल.

हे दोन विचार मध्यंतरी समोरासमोर आलेही. १७ सप्टेंबर २०२२ ला विंडहुकहून ग्वाल्हेरला उतरलेल्या विमानातून ८ चित्ते कुनोत गेले, पाठोपाठ फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून १२. काही मेले तेव्हा दक्षिण आफ्रिकेतले काही तज्ज्ञ म्हणाले, आधी कुंपण घाला. आपल्या वनखात्याच्या पोटात गोळा आला, कारण तो आपला रिवाजच नाही. गंमत अशी की नामिबियात बहुतांश चित्ते उद्यानांबाहेर, गुरांच्या राखणांवरच राहतात, कारण आत सिंह आणि तरस त्यांची शिकार पळवतात. शेतकरी त्यांना गोळ्या घालत. ओत्जिवारोंगोजवळच्या चित्ता संवर्धन संस्थेनं १९९४ पासून त्या शेतकऱ्यांना तुर्कस्तानी जातीचे दांडगे राखणदार कुत्रे द्यायला सुरुवात केली. शेळ्यांमध्ये वाढलेला कुत्रा चित्त्यावर भुंकतो आणि चित्ता, भांडणाचा कंटाळा असलेला प्राणी, निघून जातो. तार तशीच आहे, पण तारेचं काम कुत्रा करतो.

आता थोडं व्यवहाराचं, कारण परतल्यावर फोन येतात ते त्यासाठीच. भारतीय पासपोर्टावर या देशांचे व्हिसा निघण्याआधीच मार्गी लावावेत, नियम बदलत असतात, आणि पासपोर्टात कोरी पानं भरपूर असावीत. नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे विमान असेल तर पीतज्वराच्या लशीच्या दाखल्याची चौकशी तिकीट काढण्याआधी करा. मलेरियाच्या गोळ्या उत्तर नामिबियापासून पुढे. किमतीत काय धरलं आहे ते खोदून विचारा: बऱ्याच कंपन्या भाडं वेगळं आणि वाटेत द्यायचा हिस्सा वेगळा सांगतात, ओकावांगो नदीच्या पाणथळीतली होडी धरलेली असते आणि धबधब्याचं तिकीट नसतं. शाकाहारी असाल तर आधी कळवा आणि तरी चटणी बरोबर ठेवा. बूट रात्री तंबूच्या आत. कोल्ह्यांना चामडं चघळायला आवडतं आणि विंचवांना आत झोपायला. गुडघे दुखत असतील तर येऊ नका, कारण ट्रकच्या पायऱ्या उंच आहेत आणि रोज त्या पन्नास वेळा चढाव्या लागतात. काकूंचे दुखत होते. त्या आल्या आणि पन्नास वेळा चढल्या, पण त्या काकू आहेत.

बोत्स्वानात शिरल्यावर घान्झीजवळ एका कॅम्पवर सान लोकांबरोबर 'चालायला' नेतात. कातड्याच्या लंगोट्या घातलेलं एक कुटुंब कंद उकरून दाखवतं, दोन काड्या घासून जाळ करून दाखवतं. माहिती खरी असते, त्यातली म्हातारी भलतीच मिश्कील होती. तासाभरानं ते सगळे जीन्स आणि स्वेटर चढवून पिकअपमध्ये बसून घरी गेले. यात फसवणूक काही नाही, पण मला बरं वाटलं नाही हेही खरं. सेंट्रल कलहारी अभयारण्य १९६१ मध्ये झालं ते सान लोकांना तिथं राहता यावं हाही हेतू धरून. पुढे सरकारनंच त्यांना बाहेर काढलं, आणि २००६ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं ते बेकायदा ठरवलं. ट्रकच्या कार्यक्रमपत्रिकेत या खटल्याला जागा नव्हती. मी विचारल्यावर गाइडनं तो सविस्तर सांगितला आणि म्हणाला, बहुतेक लोक फक्त जाळ कसा करतात ते विचारतात.

घान्झी ते माउन रस्त्यावर कुकेचं फाटक लागतं. बोत्स्वानाच्या अशा पशुवैद्यकीय चौक्यांवर सगळ्यांना खाली उतरवतात. सोड्याच्या पाण्यात भिजलेल्या चटईवरून चालायचं. नुसते पायातले बूट नाहीत, बॅगेतल्या चपलासुद्धा काढून बुडवायच्या. ट्रकची चाकं एका डबक्यातून जातात. काही चौक्यांवर शिपाई फ्रीजर उघडून कच्चं मांस काढून घेतो, म्हणून अनुभवी गाइड आदल्या रात्री सगळं भाजून टाकतो आणि लोकांना वाटतं, आज मेजवानी. काकू खूश होत्या. "आमच्या डब्यात काही नाही हो," असं त्यांनी शिपायाला मराठीतच सांगितलं आणि त्यानं मेतकुटाची पुडी हुंगून परत दिली.

हा सगळा खटाटोप गोमांसासाठी. उत्तरेतल्या रानम्हशींत लाळ्या-खुरकत रोगाचा विषाणू असतो. युरोपला मांस विकायचं तर दक्षिणेची गुरं त्यांच्यापासून तोडलेली दाखवावी लागतात. कुकेचं कुंपण १९५० च्या दशकात आलं. कलहारीतले वाइल्डबीस्ट दुष्काळात पाण्याकडे, उत्तरेला जात. ते तारेला येऊन थटले आणि तारेच्या कडेकडेनं चालत हजारोंनी मेले. मार्क आणि डेलिया ओवेन्स हे अमेरिकी जोडपं तेव्हा कलहारीत होतं, त्यांनी १९८४ च्या आपल्या पुस्तकात हे लिहिलं. हीच डेलिया पुढे कादंबरीकार म्हणून जगभर खपली.

पण झेब्र्यांची गोष्ट वेगळी झाली, आणि या प्रवासात ऐकलेल्यांत ती मला सर्वांत थोर वाटते. ओकावांगोच्या दक्षिणपूर्वेला १९६८ मध्ये एक कुंपण घातलं होतं. ते २००४ मध्ये काढलं. काही वर्षांत शास्त्रज्ञांनी झेब्र्यांच्या गळ्यात पट्टे बांधून पाहिलं, तर पाऊस सुरू झाल्यावर ते ओकावांगोतून मक्गाडिकगाडीच्या मिठागरांकडे निघाले होते, येऊन-जाऊन पाचशे किलोमीटरहून जास्त. रानातला झेब्रा छत्तीस वर्षं जगत नाही. म्हणजे ज्यांनी ही वाट पाहिली होती त्यातला एकही हयात नव्हता, कोणी कोणाला दाखवलेली नव्हती. शास्त्रज्ञांना याचं उत्तर पावसाच्या आणि गवताच्या मागानं जाण्यात दिसतं. मिठागराच्या काठावर तंबू ठोकताना आम्हाला एकही झेब्रा दिसला नाही, जुलैत ते तिथं नसतात. वर वृश्चिक अगदी डोक्यावर, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात दक्षिण क्षितिजाला कसाबसा टेकलेला त्रिशंकू इथं चांगला उंचावर.

ओकावांगोच्या आत कुंपण नाही. अँगोलाच्या डोंगरांत उन्हाळ्यात पडलेला पाऊस महिनोन् महिने रांगत इथं पोचतो तो ऐन कोरड्या दिवसांत. समुद्र न गाठता बहुतेक सगळं पाणी वाफ होऊन जातं. २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत हजारावं नाव याचं लागलं. ट्रक माउनला ठेवून दोन-दोन माणसं मोकोरोत बसायची, मागे उभा राहिलेला नाविक लांब काठीनं होडी ढकलतो. पूर्वी ती झाडाचं खोड कोरून करत, आता झाडं वाचवायला फायबरची असते. नाकाच्या उंचीवरून कमळं सरकत जातात. पाणघोड्याचा आवाज आला की नाविक काठी रोवून थांबतो. सिंहाला तो एवढं भीत नाही. बेटावर रात्री तंबूची चेन उघडण्याआधी टॉर्च फिरवायचा आणि चमकणारे डोळे दिसले तर पुन्हा बंद करायची. रात्रीच्या गरजेचं काय, हा प्रश्न काकूंनी सभ्यपणे विचारला. गाइडनं सभ्यपणे रिकामा डबा दिला.

चोबे नदीवर हत्ती. २०२२ च्या हवाई मोजणीत एकट्या बोत्स्वानात सुमारे १ लाख ३२ हजार हत्ती निघाले. २०२४ मध्ये जर्मनीत शिकारीच्या मुंडक्यांच्या आयातीवर बंधनं आणायची चर्चा निघाली, तेव्हा इथल्या राष्ट्राध्यक्षांनी चिडून २० हजार हत्ती जर्मनीला भेट पाठवायची धमकी दिली होती. होडीत आमच्या इंजिनिअरनं ती आठवण स्वतःच काढली आणि म्हणाला, बर्लिनमध्ये सायकलवाले चिडतील.

समोर सेडुडू बेटाकडे एक कळप पोहत निघाला, सोंडा वर, पिल्लू मधे. त्या गवताळ बेटासाठी बोत्स्वाना आणि नामिबिया हेगच्या न्यायालयात गेले होते. १९९९ मध्ये ते बोत्स्वानाला मिळालं. नामिबिया इथवर कसा पोचला, तर १८९० च्या त्याच करारानं. चॅन्सेलर काप्रिवीनं जर्मनीसाठी साडेचारशे किलोमीटर लांबीची एक पट्टी मागून घेतली, झांबेझीवरून पूर्वेच्या समुद्राला जाता येईल म्हणून. वाटेत व्हिक्टोरिया फॉल्स आहे, १०८ मीटर उंचीचा, याचा विचार त्या टेबलावर कोणी केलेला दिसत नाही. हत्तींना चोबे नदी आडवी येत नाही. माणसांना येते: २०२० मध्ये बोत्स्वानाच्या सैन्यानं चोबेवर चौघांना शिकारचोर समजून ठार केलं; घरचे लोक सांगतात, ते मासे धरायला गेले होते.

पुढे कझुंगुला, जिथं चार देश जवळजवळ एका बिंदूत भेटतात. बोत्स्वाना आणि झांबियाची समाईक सीमा इथं जेमतेम दीडशे मीटर. पूर्वी मालट्रक तराफ्यासाठी दिवसेंदिवस ताटकळत. १० मे २०२१ ला ९२३ मीटरचा पूल खुला झाला. तो सरळ नाही, मधे चांगला बाक आहे. झिम्बाब्वेची हद्द चुकवायची होती. आम्हाला झिम्बाब्वेतच जायचं असल्यानं आम्ही तो दुरून पाहिला आणि चौकीच्या रांगेत उभे राहिलो.

व्हिक्टोरिया फॉल्सला ट्रक धुवून, तंबू वाळवून परत द्यायचे असतात. ते झाल्यावर आम्ही धबधबा पाहिला, म्हणजे मुख्यतः भिजलो. तुषार इतके होते की समोरचं दिसत नव्हतं. मग १९०५ च्या रेल्वे पुलावर गेलो. झिम्बाब्वेच्या चौकीवर पासपोर्ट दाखवला की एक चिठ्ठी मिळते आणि व्हिसा न वापरता पुलावर जाता येतं. मधोमध झांबियाची हद्द. एक मालट्रक हळूहळू पूल ओलांडत होता, कठड्यापाशी लोक दोर बांधून खाली उड्या मारत होते, आणि तांब्याची कडी विकणारा एक मुलगा दोन्ही देशांच्या नोटा घेत होता. काका मध्यावर उभे राहून मोबाइल बघत होते. झांबियाचा स्वागताचा मेसेज आला होता, पाठोपाठ झिम्बाब्वेचा, मग पुन्हा झांबियाचा.

"अहो, तो बंद करा आधी," काकू म्हणाल्या. "प्रत्येक मेसेजचे रोमिंगचे पैसे लागतात."